सहा वर्षांतले तीस दिवस

एखाद्या मराठी चित्रपटाला परदेशात मोठा पुरस्कार मिळाल्याची बातमी पेपरात येते. आपल्याला बरं वाटतं. ‘हा बघायलाच पाहिजे,’ असं आपण घरात जाहीरही करतो. काही महिन्यांनी तो चित्रपट लागतो. पहिला शनिवार-रविवार कुणाच्या तरी साखरपुड्यात जातो. मंगळवारी फोनवर शो शोधावा तर अख्ख्या शहरात एकच खेळ, दुपारी एक वीसचा, आणि तोही गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मॉलमध्ये. शुक्रवारी तोही गेलेला असतो. मग ‘ओटीटीवर येईलच की’ म्हणून आपण विसरून जातो.

तीन-चार वर्षांनी त्या दिग्दर्शकाचं नाव कुठेतरी पुन्हा दिसतं आणि प्रश्न पडतो, की मधल्या काळात हा माणूस करत काय होता? एवढं नाव झालं, मग दुसरा चित्रपट लगेच का नाही आला? आणि त्या वर्षांत त्याच्या घरी गॅसचा सिलिंडर कोणाच्या पैशांनी येत होता?

हा शेवटचा प्रश्न मुलाखतींत सहसा कोणी विचारत नाही. मला तोच कळीचा वाटतो. छोट्या चित्रपटाचं चित्रीकरण तीस-पस्तीस दिवसांत उरकावं लागतं. दोन चित्रपटांमध्ये मात्र पाच-सहा वर्षं सहज जातात. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला २०१४ साली आणि ‘द डिसायपल’ २०२० साली. म्हणजे ज्याला आपण ‘दिग्दर्शन’ म्हणतो ते काम या धंद्यात वर्षाकाठी सरासरी आठवडाभराचंसुद्धा भरत नाही. बाकीचा वेळ कुठे जातो, ते या लेखात पाहू.

स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

‘स्वतंत्र दिग्दर्शक’ म्हटलं की खांद्यावर कॅमेरा घेऊन एकटा हिंडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तसं नसतं. छोट्यात छोट्या चित्रपटालाही चाळीस-पन्नास माणसं लागतात. स्वातंत्र्य असतं ते शेवटच्या शब्दाचं. मोठी कंपनी पैसे घालते तेव्हा नट कोण, गाणी किती, शेवट गोड की कडू, यात तिचा शब्द चालतो. स्वतंत्र दिग्दर्शक एकत्र कुटुंबातून वेगळं बिऱ्हाड केलेल्या धाकट्या मुलासारखा असतो. भाजी कुठली करायची ते आता तोच ठरवतो, पण भाडंही त्यालाच भरावं लागतं.

या बिऱ्हाडात शिरायला ठरलेलं दार नाही. उमेश कुलकर्णी आणि अविनाश अरुण पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेतून आले. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या, नागराज मंजुळे कवी, तर ‘साबर बोंडं’चे रोहन कानवडे इंटिरिअर डिझायनर. ताम्हाणे यांनी सुरुवातीला मालिकांच्या लेखनखात्यात नोकरी केली. पदवीचा कागद इथे कोणी मागत नाही. मागतात ती वेगळी गोष्ट.

शितावरून भात

मागतात ते आधीचं काम. अडचण अशी, की चित्रपट केल्याशिवाय चित्रपट मिळत नाही आणि मिळाल्याशिवाय करता येत नाही. या कोंडीवरचा जुना उपाय म्हणजे लघुपट. भात शिजला की नाही हे एका शितावरून कळतं, तसं दहा-पंधरा मिनिटांच्या लघुपटातून जाणत्याला पुष्कळ कळतं. या माणसाला कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळतं का, नटाकडून काम काढून घेता येतं का, आणि हाती घेतलेलं तो पुरं करतो का? पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंपेक्षा मोठा असतो.

सुमित्रा भावे यांची सुरुवात १९८५ च्या ‘बाई’ या लघुपटाने झाली. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ला आणि मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यानंतरच ‘वळू’ आणि ‘फँड्री’ आले. मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ केला तो अहमदनगरला शिकत असताना.

ही युक्ती आपल्याकडे चित्रपट जन्मण्याआधीपासूनची आहे. दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली लंडन गाठलं आणि कॅमेरा आणला. तरीही भांडवल घालायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर महिनाभराची वाढ मिनिटभरात दिसली. बियाला अंकुर फुटून वेल सरसर वर गेला आणि पाहणाऱ्यांचा विश्वास बसला. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आज ज्याला ‘पिच’ म्हणतात, म्हणजे पैसेवाल्यापुढे आपला चित्रपट थोडक्यात मांडणं, त्याचा याहून चांगला नमुना माझ्या माहितीत नाही.

लिहिण्याचा पगार

आता सगळ्यात न दिसणारा टप्पा. चित्रपटाची पटकथा लिहायला वर्ष-दोन वर्षं लागतात. कादंबरीकार नोकरी सांभाळून रात्री लिहितो, तसं इथेही चालतं, पण अर्धंच. पटकथेसाठी हिंडावं लागतं. ‘कोर्ट’ लिहिणाऱ्याला न्यायालयांत जाऊन तासन्‌तास बसावं लागलं. तिथल्या तारखा, रटाळ वाचन, पंख्यांचा आवाज हे कल्पनेतून येत नाही. आणि न्यायालयं चालतात ऑफिसच्याच वेळेत.

‘कोर्ट’ची गोष्ट म्हणूनच नीट सांगण्यासारखी आहे. विवेक गोंबर हे नट ताम्हाणे यांच्या एका नाटकात काम करत होते. ताम्हाणे यांच्याजवळ पैसे नव्हते आणि पुढे काय करायचं हेही धड ठरत नव्हतं. गोंबर यांनी त्यांना वर्षभर महिना १५,००० रुपये देऊ केले. काम एकच, पटकथा लिहायची. पुढे तेच चित्रपटाचे निर्माते झाले आणि त्यात बचावपक्षाच्या वकिलाची भूमिकाही त्यांनी केली. व्हेनिसला ‘कोर्ट’ने ‘ओरिझोंती’ या विभागात सर्वोत्तम चित्रपटाचा आणि शिवाय पदार्पणाचा पुरस्कार मिळवला. राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका हे त्यानंतरचं.

त्या वर्षभराच्या पगाराची बेरीज एक लाख ऐंशी हजार होते. हा आकडा लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

पैशांची गोधडी

पटकथा तयार झाली की पैसे गोळा करायचे. मोठ्या चित्रपटाचं भांडवल तागा उलगडावा तसं एका जागेवरून येतं. स्वतंत्र चित्रपटाचं भांडवल म्हणजे गोधडी. मामाच्या धोतराचा एक तुकडा, आजीच्या लुगड्याचा दुसरा, आणि मधे कुठेतरी दिग्दर्शकाचा स्वतःचा सदरा.

घरचा तुकडा पहिला. फाळक्यांची पॉलिसी आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने सर्वांना माहीत आहेत. चाळीस वर्षांनी कोलकात्यात सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी तेच केलं. तीच विम्याची पॉलिसी आणि तेच बायकोचे दागिने. आयुर्विम्याने भारतीय चित्रपटासाठी केलेल्या कामगिरीवर कोणीतरी प्रबंध लिहायला हरकत नाही. राय यांचे पैसे संपल्यावर पश्चिम बंगाल सरकारने मदत केली.

लोकवर्गणी हा दुसरा तुकडा. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ला १९७६ साली गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. असा योग पुन्हा क्वचितच येतो, कारण त्यामागे आधीच बांधलेली सहकारी संस्था लागते. एकट्या दिग्दर्शकाने इंटरनेटवर झोळी फिरवली तर बहुधा नातेवाईक आणि कॉलेजचे मित्रच भरतात.

तिसरा तुकडा परदेशी निधीचा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाचा ‘ह्युबर्ट बाल्स फंड’ पटकथेच्या टप्प्यावर मदत करतो. ‘कोर्ट’ला ती मिळाली होती. रक्कम साधारण दहा हजार युरोंची, चित्रपटाच्या मानाने किरकोळ. पण तिला शिफारसपत्राचं मोल असतं. जाणत्यांनी शेकडो पटकथांतून ही निवडली, एवढं कळलं की दुसरा पैसेवाला निदान फोन तरी उचलतो.

आणि मग बाजार. गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत, २००७ पासून, एनएफडीसी हे सरकारी महामंडळ ‘फिल्म बाजार’ भरवतं. शेतकरी वाण घेऊन मोंढ्यावर जातो तसे दिग्दर्शक तिथे पटकथा किंवा अर्धवट संकलित चित्रपट घेऊन जातात. समोर देशोदेशीचे निर्माते, वितरक आणि महोत्सवांचे निवडकर्ते असतात. वीस मिनिटांची भेट, की पुढचा. ‘द लंचबॉक्स’ या बाजारातून गेलेला चित्रपट. बाजारातून रिकाम्या हाताने परतणारे अर्थातच जास्त असतात.

राज्य सरकारचं अनुदान हा मराठीपुरता मोठा तुकडा. परीक्षण समिती चित्रपट पाहून दर्जा ठरवते. ‘अ’ दर्जाला ४० लाख रुपये आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख. मात्र हे पैसे चित्रपट पुरा झाल्यावर मिळतात. म्हणजे आधी कोणाकडून तरी उसने घेऊन तो पुरा करायचा. घर बांधून झाल्यावर मिळणाऱ्या कर्जासारखा हा प्रकार आहे.

तीस दिवस, आणि मग गिलावा

चित्रीकरणाबद्दल मी फार लिहीत नाही. त्यावर पुष्कळ लिहिलं जातं आणि ते लग्नघरासारखं असतं. सगळे राबतात, कोणी तरी रुसतं, जेवणाची वेळ चुकते आणि पाऊस येतो. एक बारकावा मात्र सांगतो. पडद्यावर बैल, डुक्कर, कुत्रा दिसणार असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. त्यामुळे ग्रामीण कथा लिहिणारा लेखक बैलजोडी आणण्याआधी दोनदा विचार करतो.

खरी गळती नंतर सुरू होते. घर बांधणाऱ्यांना ठाऊक असतं, की स्लॅब पडेपर्यंत पैसे पुरतात आणि गिलाव्याला संपतात. चित्रपटाचंही तसंच आहे. संकलन, ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्करण या कामांना महिने लागतात आणि त्यांचं भाडं तासावर असतं. चित्रीकरण झालेले पण हार्ड डिस्कमध्येच पडून राहिलेले चित्रपट किती असतील, याची मोजदाद कुठेही होत नाही. त्यातले काही पहिलेच असतात आणि तेच शेवटचेही ठरतात.

नैवेद्याचा नियम

चित्रपट पुरा झाला. आता तो लगेच लोकांना का दाखवत नाहीत? कारण महोत्सवांचा एक नियम नैवेद्यासारखा आहे. देवाला दाखवण्याआधी घरात कोणी चाखायचं नाही. कान, व्हेनिस, बर्लिन यांसारख्या मोठ्या महोत्सवांना चित्रपट कोराच हवा असतो. इतरत्र दाखवलेला किंवा प्रदर्शित झालेला सहसा चालत नाही. बर्लिन फेब्रुवारीत, कान मे महिन्यात आणि व्हेनिस ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. एकीकडून नकार आला की दुसऱ्याची वाट पाहायची, तिकडूनही आला की पुढच्या वर्षाची. तोवर व्याज चालू असतं.

एवढं करून मिळतं काय? निवड झाली तर परदेशी वितरक आणि समीक्षक एकाच आठवड्यात चित्रपट पाहतात. बक्षीस ही वरची साय. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला बर्लिनमध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने ‘क्रिस्टल बेअर’ दिलं. कोकणातल्या एका मुलाची गोष्ट जर्मनीतल्या पोरांना भिडली, यात मला मोठ्या परीक्षकांच्या पसंतीपेक्षा जास्त गंमत वाटते. ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्सला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च बक्षीस मिळवलं. आपल्याकडे तो लागला सप्टेंबरमध्ये. मधल्या आठ महिन्यांत बातमीची ऊब बरीच ओसरलेली असते.

चौकट : बाजारातले काही शब्द

वर्क-इन-प्रोग्रेस : अर्धवट संकलित चित्रपट जाणत्यांना दाखवून सल्ला आणि पैसे मिळवण्याची सोय.

सेल्स एजंट : चित्रपटाचे हक्क देशोदेशी विकणारा दलाल. महोत्सवातली निवड हे त्याचं भांडवल.

डीसीपी : चित्रपटगृहात लावायची डिजिटल प्रत. पूर्वीच्या रिळांच्या डब्यांची जागा हिने घेतली.

व्हीपीएफ : डिजिटल प्रक्षेपणाच्या यंत्रणेसाठी दर पडद्यामागे मोजावं लागणारं शुल्क. हॉल रिकामा असला तरी ते चुकत नाही.

फायनल कट : शेवटी कुठली प्रत लोकांपुढे जाईल हे ठरवण्याचा हक्क. बिऱ्हाड वेगळं केलं ते याच्यासाठी.

दोनशे रुपयांचं तिकीट

आता त्या एक वीसच्या खेळाकडे येऊ. समजा, तुम्ही २०० रुपयांचं तिकीट काढलं. त्यात १८ टक्के कर धरलेला असतो, तो गेल्यावर उरतात साधारण १६९ रुपये. पहिल्या आठवड्यात त्यातले निम्मे चित्रपटगृहाचे. उरले ८५. पुढच्या आठवड्यांत निर्मात्याकडे येणारा वाटा आणखी घटत जातो. वितरकाने १५ टक्के घेतले तर निर्मात्याच्या हाती ७२ रुपये पडतात. चित्रपटाचा आणि जाहिरातीचा मिळून खर्च दोन कोटी असेल, तर तो नुसता वसूल व्हायला पावणेतीन लाखांहून जास्त माणसं यायला हवीत. दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये हे झाले जवळजवळ १४०० हाऊसफुल्ल खेळ. मिळतात किती? भाग्य असेल तर आठवड्याला शे-दोनशे, आणि तेही अडनिड्या वेळेचे.

वेळा अशा का? चित्रपटगृहाला दर पडद्यामागे विजेचं बिल आणि पॉपकॉर्नची विक्री दिसते. संध्याकाळचा खेळ ज्याला गर्दी होईल त्याला. छोट्या चित्रपटाची कीर्ती तोंडातोंडी पसरते आणि तिला दहा-बारा दिवस तरी लागतात. पण पुढचे खेळ ठरतात ते पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर. चित्रपट कसा आहे हे लोकांना कळेपर्यंत तो उतरलेला असतो. ‘सैराट’सारखा पहिल्याच दिवसापासून उसळणारा चित्रपट या नियमाला अपवाद आहे, आणि अपवाद पाहून कर्ज काढणारे पुष्कळ जण बुडाले आहेत.

ओटीटीने हा पेच सुटेल असं काही वर्षं वाटत होतं. ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर आला आणि घरोघरी पोचला. पण ओटीटी कंपन्याही आता नाव, नट आणि चित्रपटगृहातला गल्ला पाहून भाव ठरवतात. दुकान बदललं, तराजू तोच.

आंतरपीक

कोकणात किंवा मराठवाड्यात आंब्याची नवी बाग लावणारा शेतकरी पहिली चार-पाच वर्षं काय खातो? झाडांच्या ओळींमधल्या जागेत तो भुईमूग, काकडी, चवळी घेतो. स्वतंत्र दिग्दर्शकाचा संसार याच रीतीने चालतो. कोणी जाहिरातपट करतं, कोणी शिकवतं, कोणी दुसऱ्यांचे चित्रपट संकलित करतं. अविनाश अरुण उत्तम छायालेखक असल्याने त्यांच्या हाती दुसरी विद्या होती. ‘पाताल लोक’ या वेब मालिकेचं दिग्दर्शनही त्यांनी केलं. मंजुळे अभिनय करतात, निर्मिती करतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी डझनाहून जास्त कथापटांबरोबर पन्नासाहून अधिक लघुपट केले. त्यांच्या शिस्तीचं मला फार कौतुक वाटतं. आंतरपिकाला त्यांनी कधी कमी लेखलं नाही. ‘द डिसायपल’मधल्या नायकाला वाट दाखवणाऱ्या, कधीही न दिसणाऱ्या माईंचा आवाज सुमित्राताईंचा आहे, ही निवड मला उगाच झालेली वाटत नाही.

आंतरपिकाचा धोकाही शेतकऱ्याला माहीत असतो. भुईमूग चांगला आला की आंब्याला पाणी द्यायचं राहून जातं. रोजच्या मालिकेत शिरलेला दिग्दर्शक पाच वर्षांनी बाहेर येतो तेव्हा घराचे हप्ते चालू असतात आणि पटकथा जुनी झालेली असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरा चित्रपट पहिल्यापेक्षा अवघड जातो, त्याचंही कारण इथेच आहे. पहिल्या वेळी मित्र बिनपैशांनी राबतात. दुसऱ्या वेळी त्यांची लग्नं झालेली असतात. पहिल्याचा पुरस्कार जागेच्या विसारासारखा असतो, त्याला मुदत असते. आणि आता दिग्दर्शकालाही आधीच्यापेक्षा कमी दर्जाचं काही करवत नाही. ताम्हाणे यांना मधल्या वर्षांत रोलेक्स कंपनीच्या उपक्रमातून अल्फान्सो क्वारोन या मेक्सिकन दिग्दर्शकाचं मार्गदर्शन मिळालं, त्यांच्या ‘रोमा’च्या सेटवर राहता आलं. असं नशीब एखाद्याचंच.

मग ज्यांच्याकडे छायालेखनासारखी विद्या नाही, मुंबई-पुण्यात वडिलोपार्जित घर नाही, गोंबर यांच्यासारखा मित्र नाही, त्यांचं काय होतं? ते गावी परततात किंवा दुसरी नोकरी धरतात. आपल्याकडे गोष्टी कमी आहेत असं नाही. लिहिण्याच्या काळात भाडं भरू शकणाऱ्यांच्याच गोष्टी पडद्यावर येतात. बायका दिग्दर्शकांच्या यादीत इतक्या थोड्या का, त्याचंही निम्मं उत्तर हेच असावं.

मदत आहे, पण ती चुकीच्या टोकाला आहे. चित्रपट पुरा झाल्यावर ४० लाख मिळतात आणि तो कागदावर उतरत असताना काहीच मिळत नाही. ‘कोर्ट’चा पाया १,८०,००० रुपयांत घातला गेला. आजच्या महागाईने महिना २५,००० धरले तरी एका लेखकाचे वर्षाला तीन लाख होतात. एका ‘अ’ दर्जाच्या अनुदानाच्या रकमेत तेरा जण वर्षभर बसून लिहू शकतील.